झुमातायची सर्दी

सकाळी सव्वासातला धाकट्या भावाचा, दुलातचा फोन आला, तेव्हा राउशान चहात दूध ओतत होती. "ताई, घरी ये," तो म्हणाला. "काही झालेलं नाही. कोकेंना जराशी सर्दी आहे, बाकी सगळं ठीक. घाई करू नकोस, पण आजच नीघ."

राउशानचं अर्धं दूध कपाबाहेर गेलं.

बापाला सर्दी झाली तर लेकीनं एवढं दचकायचं काय कारण, असं परक्याला वाटेल. पण आमच्या गवताळ मुलखात जन्मलेल्या कुणालाही विचारा. लांब राहणाऱ्या लेकराला 'बाप गेला' असं आमच्याकडे कुणी कधी सांगत नाही. 'जरा बरं नाही, येऊन जा' म्हणतात. लेकरू वाटभर आशा धरून घरी पोचतं, मग गावातला एखादा म्हातारा त्याला जवळ बसवून इकडचं तिकडचं बोलतो आणि आडवळणानं बातमी ऐकवतो. रीत दयेपोटीच निघाली आहे, तिला नावं ठेवायची नाहीत. खोट एकच. ज्या घरात खरोखरच सर्दी झाली असेल, त्यांनी ती कशी सांगावी, याची सोय पूर्वजांनी करून ठेवलेली नाही.

राउशाननं बॅग भरली. काळं काही घ्यावं की नको, हे तिला ठरवता येईना. घेतलं तर अभद्र, नाही घेतलं तर पंचाईत. शेवटी एक गडद निळा रुमाल तिनं तळाशी घातला आणि तो आपण घातलाच नाही, असं मनाला बजावलं.

बापाशी ती तीन वर्षं बोललेली नव्हती. नवऱ्याचं घर सोडून दोन बॅगा घेऊन ती माहेरच्या दारात उभी राहिली, तेव्हा म्हातारा झुमाताय म्हणाला होता, "लेक म्हणजे पाहुणी. दोन दिवस राहा, मग आपल्या घरी जा." ती दोन दिवसही राहिली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे आस्तानाची गाडी पकडली आणि तिथं पडदे शिवायच्या कामाला लागली. दर वसंतात जाऊ म्हणायची, असे तीन वसंत गेले. आता तो गेला असेल, तर उद्या दुपारच्या आत पोचायला हवं होतं. मयत आम्ही फार ठेवत नाही, आणि बायका कबरस्तानात जात नाहीत. तोंड बघायचं ते घरातून बाहेर काढायच्या आधी. नंतर फक्त मातीचा ढीग.

नऊ वाजता ती तालगातच्या सोळा माणसांच्या गाडीत बसली. तालगात हा पन्नाशीचा, जिभेला हाड नसलेला ड्रायव्हर. "आपा, एवढं मोठं बोचकं! माहेरी चाललाय की माहेर हलवताय?" असं त्यानं चढताना विचारलं, आणि सगळी गाडी हसली. अकराच्या सुमाराला वारा सुटला. साडेअकराला रस्त्याच्या कडेचे खांब दिसेनासे झाले. बाराला आभाळ कुठलं नि जमीन कुठली ते कळेना. पुढं रस्त्यावर आडवा दांडा पडला होता आणि नारिंगी कोट घातलेला एक माणूस दोन्ही हात हलवत होता.

"रस्ता बंद! बुरान आहे, बुरान! गावातल्या शाळेत चला!"

"कधी उघडणार?" तालगातनं काच खाली करून विचारलं. काचेतून ओंजळभर बर्फ आत आलं.

"मला काय विचारतोस? वरच्याला विचार!"

हा वरचा म्हणजे साहेब की परमेश्वर, हे त्यानं सांगितलं नाही.

*

शाळेच्या खेळाच्या हॉलमध्ये चाळीसेक माणसं जमली होती. मुलांना थंडीची सुट्टीच होती. व्यायामाच्या गाद्या जमिनीवर पसरल्या होत्या, गावातल्या बायकांनी चहाचं भांडं आणि कणकेचे तळलेले गोळे, बाउरसाक, आणून ठेवले होते. वादळ खिडक्यांवर असं आदळत होतं, की चारच्या आधीच दिवे लावावे लागले.

राउशानच्या गादीवर कुल्पाश आपा नावाची एक जाडजूड म्हातारी येऊन बसली होती. तिची सून बाळंत व्हायची होती, आणि ती बातमी तिनं सगळ्या हॉलला दोनदा सांगून झाली होती.

"आणि तू गं पोरी? कुठं निघालीस अशा दिवसांत?"

"माहेरी. वडिलांना जराशी सर्दी झालीय, म्हणून भावानं बोलावलंय."

कुल्पाश आपाचा बाउरसाक तोंडाजवळ थांबला. शेजारच्या दोघी बोलायच्या थांबल्या.

"सर्दी?" आपा म्हणाली.

"जराशी. बाकी ठीक आहे म्हणाला. घाई करू नको, पण आजच नीघ म्हणाला."

"हो का," आपा म्हणाली. तिनं बाउरसाक खाली ठेवला आणि राउशानचा हात हातात घेतला. "यंदाची सर्दी वाईटच आहे बाई."

त्यानंतर जे सुरू झालं, त्यानं राउशानच्या डोक्याचा पार भुगा झाला. कुणी काही बोललं नाही, पण तिची गादी हीटरजवळ सरकवली गेली. कुणीतरी न मागता तिच्या खांद्यावर शाल टाकली. तिच्या चहात साय आली. सकाळपासून तिची थट्टा करणारा तालगात तिच्याजवळून जाताना खाली बघून जाऊ लागला. आपल्या बापाबद्दल या सगळ्यांना आपल्यापेक्षा जास्त माहिती आहे, असं तिला वाटायला लागलं. खरं तर कुणालाच काही माहीत नव्हतं. ते तिच्या तोंडाकडे बघून ओळखत होते आणि ती त्यांच्या.

"दुलातला फोन लावते," ती उठली.

फोनला रेंज होती, पण फक्त छताजवळ. हॉलच्या एका भिंतीला मुलांनी चढायच्या लाकडी दांड्यांच्या शिड्या होत्या, आणि दुपारपासून माणसं रांग लावून त्यांवर चढत होती. वर जाऊन एका हातानं दांडा आणि दुसऱ्यानं फोन धरायचा आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं ओरडायचं. राउशानला बघताच रांग बाजूला झाली. तेही तिला आवडलं नाही.

शेहेचाळीस वर्षांची राउशान जाड बुटांनिशी नवव्या दांड्यापर्यंत चढली.

"दुलात! कोके कसे आहेत?"

"ताई! कुठं पोचलीस? ते बरे आहेत. सर्दी आहे."

"मग दे त्यांना फोन."

"झोपलेत."

"उठव."

"ताई, अगं आत्ताच डोळा लागलाय. थांब, आइमानला देतो."

आइमान त्याची बायको. तिनं फोन घेतला आणि म्हणाली, "ताई, काळजी करू नका. कोके ना, गुरांकडे गेलेत. येतीलच."

"दुलात म्हणतो झोपलेत!"

"हो... म्हणजे झोपून उठले नि गेले."

"अशा बुरानमध्ये? सर्दी असताना?"

आइमानच्या पाठीमागून भांड्यांचे आवाज येत होते. पुष्कळ माणसांचे आवाज येत होते.

"घरात माणसं कसली जमलीत, आइमान?"

"शेजारीपाजारी आहेत हो. सहज."

"दुलातला दे. दुलात, घोडा कापलात का?"

"कापला," तो हळूच म्हणाला. "हिवाळ्याचा कापला गं. डिसेंबर नाही का? दर वर्षी कापतोच की."

तेही खोटं नव्हतं. डिसेंबरात घरोघरी घोडा कापतात आणि शेजाऱ्यांना जेवायला बोलावतात. आणि माणूस गेल्यावरही घोडाच कापतात आणि शेजारीच जमतात. भांड्यांच्या आवाजावरून यातलं काय चाललंय, हे कुणाच्या बापाला ओळखता येणार? तेवढ्यात रेंज गेली.

राउशान खाली उतरली. खाली चाळीस माणसं दुसरीकडे बघत होती.

*

पहिल्यांदा बोलला तो तालगात. तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि टोपी काढून हातात धरली.

"आपा, मी सकाळी काहीबाही बोललो. मनावर घेऊ नका. हे बघा, गावामागून जुना ट्रॅक्टरचा रस्ता आहे, दांड्याला वळसा घालून जातो. मला माहीत आहे. माझे वडील गेले तेव्हा मी असाच अडकलो होतो. पोचलो तर माणसं कबरस्तानातून परत येत होती. तुम्ही म्हणत असाल तर गाडी काढतो."

"वेड लागलंय का तुला?" दाराशी उभा असलेला नारिंगी कोटवाला ओरडला. "दोन हातांवरचं दिसत नाही! परवाच्या वादळात एक गाडी तीन तासांनी सापडली. आत माणसं होती!"

"तिचा बाप गेलाय!" तालगात ओरडला, आणि मग त्यानं जीभ चावली.

"कुणी सांगितलं गेलाय?" राउशान म्हणाली. "सर्दी आहे."

"हो, हो," सगळे घाईघाईनं म्हणाले. "सर्दीच आहे."

घोडं इथंच पेंड खात होतं. बाप गेला असेल, तर तिला जायलाच हवं होतं, आणि मग चाळीस माणसांपुढं नारिंगी कोटवाल्यालाही तिची वाट अडवता आली नसती. उलट सर्दीच असेल, तर तिला आणि तालगातला या बुरानात सोडणं म्हणजे शुद्ध खून. जावं की राहावं हे खरं कळल्यावाचून ठरत नव्हतं, आणि खरं सांगायची आमच्यात पद्धत नाही.

"थांबा," कोपऱ्यातून आवाज आला. "नाकात शेंबूड आला म्हणून बाईमाणसाला बर्फात धाडत नसतात. आधी खात्री करा."

हा ओमिरझाक. वय अठ्ठ्याहत्तर, पांढरी दाढी, हॉलमधला सगळ्यात वयस्कर माणूस, म्हणजे अक्साकाल. तो गुडघे दाबत उठला. "तुझा भाऊ तुला सांगणार नाही, पोरी. मला सांगेल. तसाच नियम आहे. लाव फोन."

त्याला शिडीवर चढवणं हाच एक सोहळा झाला. तालगातनं खालून खांदा दिला, नारिंगी कोटवाल्यानं कमरेचा पट्टा धरला. "सावकाश, अक्साकाल, सावकाश!" कुल्पाश आपा खालून ओरडत होती, "एकाचं ऐकवायला जाल आणि तुमचं ऐकवायची पाळी येईल!" पाचव्या दांड्यावर म्हातारा थांबला आणि कसाबसा फोन लागला.

"बाळ, मी ओमिरझाक बोलतोय. तुझी बहीण इथं माझ्याजवळ आहे, सुखरूप आहे. मी वयानं मोठा आहे. मला सरळ सांग."

म्हातारा ऐकत होता. "हं," तो म्हणाला. "हं. हो, ऐकतोय." मग त्यानं फोन कानापासून दूर धरून बघितला. "गेली रेंज."

"काय म्हणाला?"

जमिनीवर पाय टेकल्यावर ओमिरझाकनं दाढीवरून हात फिरवला. "म्हणाला, 'अक्साकाल, बरं झालं तुम्ही तिथं आहात. आम्हाला कुणालाच जमत नाहीये. आता तुम्हीच तिला नीट सांगा, की—' आणि तुटला."

"की काय?"

"तेच तर तुटलं."

चार-पाच माणसं लगेच वर चढून आपापले फोन लावू लागली, पण आता छताजवळही काही मिळेना. ओमिरझाक गादीवर बसून राहिला. दुलातनं तर काम सोपवलं होतं: 'तुम्हीच तिला सांगा.' आयुष्यात त्यानं अशा तेवीस बातम्या ऐकवल्या होत्या आणि एकही टाळली नव्हती. आता टाळली, आणि उद्या दुपारी तिकडे मयत उचललं, तर या बाईला काय तोंड दाखवणार?

त्यानं राउशानला जवळ बसवलं. दोन बायका तिच्या दोन्ही बाजूंना येऊन बसल्या. हे कशासाठी बसतात, ते तिला माहीत होतं. आईच्या वेळी तिनं ते बघितलं होतं. तिला उठून पळून जावंसं वाटलं, पण बाहेर पळायला जागा नव्हती.

"पोरी," ओमिरझाक म्हणाला, "तळं भरतं, तसं आटतंही. ससाणा हातावर बसतो, पण तो हाताचा नसतो. आभाळाचा असतो. सगळ्यात उंच झाडाला सगळ्यात जास्त वारा लागतो. आज वारा मोठा आहे." त्यानं तिचा हात धरला. "मन घट्ट कर, लेकरा. तुमच्या अंगणातलं मोठं झाड पडलं."

राउशानच्या तोंडून जो आवाज निघाला, तो तिचा तिलाच ओळखता आला नाही.

मग सगळा हॉल उठला. बायका एकेक करून तिच्या गळ्यात पडल्या आणि रडल्या. ज्यांना तिचं नावही माहीत नव्हतं त्यादेखील रडल्या, कारण प्रत्येकीचा कुणी ना कुणी गेलेला होता. तालगात डोळे पुसत म्हणाला, "मी गाडी तापायला ठेवतो. पण आधी कुणीतरी कळवा तिकडे, म्हणावं उद्या थांबा, लेक येतेय." त्यानं तिचाच फोन घेतला आणि शिडीवर चढायला लागला.

लेकीनं विलाप म्हणायचा असतो. गाऊन, शब्द जोडून. त्यातून सुटका नाही. राउशाननं निळा रुमाल डोक्याला बांधला, भिंतीकडे तोंड केलं आणि कंबरेवर हात ठेवून सुरू केलं.

"माझा डोंगर रे कोके, माझी सावली रे..." अशी सुरुवात सगळ्याच करतात. पुढं बापाचं मोठेपण सांगायचं असतं. पण दुसऱ्या ओळीला तिच्या तोंडात काहीतरी वेगळंच आलं.

"दारात तुझ्या उभी होते रे,
हात माझे भरलेले, डोळे रिकामे.
पाहुणी म्हणालास रे मला तू,
पाहुणीला निरोप तरी देतात ना?
तीन वर्षं फोन उशाशी घेतला,
तुझं बोट जड झालं होतं का रे?
माझं झालं होतं, माझं झालं होतं,
मी तुझीच ना, दगडाची लेक दगड..."

बायका हुंदके द्यायच्या थांबल्या. मेलेल्या माणसाला असं कुणी बोलत नाही. पण कुणी तिला अडवलंही नाही. राउशानला आता लोक दिसत नव्हते. राग आणि दुःख अशी काही वाटणी तिला करता येत नव्हती, एकात हात घातला की दुसरं हाताला लागत होतं. वसंतात येणार होते, ती म्हणाली. तू थांबला का नाहीस, ती म्हणाली. ओळी जुळत नव्हत्या, तरी ती म्हणतच होती.

"आपा," वरून तालगात म्हणाला.

कुणी लक्ष दिलं नाही.

"आपा!" त्याचा आवाज चिरकला. राउशाननं वर पाहिलं. तो नवव्या दांड्याला लोंबकळत होता, आ वासलेला, आणि फोन धरलेला हात त्यानं हॉलच्या दिशेनं लांब केला होता. "आपा, मी बराच वेळ... म्हणजे फोन लागला. मी म्हटलं, उद्या मयत थांबवा. तर ते म्हणाले, कुणाचं. मी म्हटलं, झुमाताय अक्साकालचं. तर..."

"तर काय?"

"तर मयतच बोलतंय हो."

हॉलमध्ये एकदम वादळाचा आवाज ऐकू यायला लागला. तालगातनं फोनचा आवाज मोठा केला. आधी खोकला आला, ओला आणि लांबलचक. मग म्हाताऱ्याचा घोगरा आवाज.

"राउशान."

ओमिरझाकनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. "या अल्ला. माझी चोविसावी."

"कोके?" राउशान म्हणाली. ती शिडीपाशी कधी पोचली ते तिला कळलं नाही. "तुम्ही... तुम्ही कुठं होतात?"

"इथंच. बोलाव तिला म्हणालो, पण मी म्हटलंय असं सांगू नको, असंही म्हणालो. फोनवर यायला मात्र मला जमेना... मग तो मूर्ख मला झोपवतो आणि त्याची बायको मला गुरांकडे पाठवते." परत खोकला. "त्या म्हाताऱ्याला तो सांगत होता, की तिला नीट सांगा, रस्ता उघडेपर्यंत निघू नको. तुम्ही लोकांनी मला पुरून टाकलंत."

कुल्पाश आपा हसायला लागली आणि हसता हसता परत रडायला लागली. राउशान वर चढत होती. तालगातनं तिला जागा दिली, फोन तिच्या हातात ठेवला आणि एक दांडा खाली उतरून तिचे पाय धरून उभा राहिला.

"किती आजारी आहात, कोके? खरं सांगा."

"सर्दी आहे."

राउशाननं दांड्याला कपाळ टेकलं. हा सर्दी झालेला म्हातारा बोलत होता, की जाणारा म्हातारा? दोघंही हेच म्हणाले असते, याच आवाजात. विचारायला दुसरं कुणी उरलं नव्हतं. त्या खोकल्यावरून तिला काहीच कळलं नाही, आणि पुढंही किती वेळ कळणार नव्हतं.

"तुम्ही सगळं ऐकलंत?" तिनं विचारलं.

"दारापासून."

"मला वाटलं, तुम्ही गेलात. नाहीतर मी..."

"माहीत आहे. नाहीतर बोलली नसतीस. मग? थांबलीस कशाला? म्हण पुढचं."

"पुढचं कौतुकाचं असतं, कोके."

"म्हणून तर. मी गेल्यावर मला कुठं ऐकू येणार?"

खाली चाळीस माणसं वर बघत होती. शिव्या देणं सोपं गेलं होतं. आता मात्र तिला इतकी लाज वाटली, की कान तापले. जिवंत माणसाचं कौतुक त्याच्या तोंडावर करायची तर आमच्यात मुळीच रीत नाही. तिनं डोळे मिटले, दांडा घट्ट धरला आणि पहिला शब्द जमेना तेव्हा तसंच, फाटक्या आवाजात, सुरू केलं.